चुकीचा धनी

चुकीला धनी लागतो. घरात दूध उतू गेले तर पहिला प्रश्न 'किती गेले?' हा नसतो, 'ठेवले होते कोणी?' हा असतो. कचेरीतून एखादा कागद गहाळ झाला की तो शोधण्याआधी तो शेवटी कोणाच्या टेबलावर होता याचा तपास सुरू होतो. धनी सापडला की सर्वांना असे हायसे वाटते, की जणू सांडलेले दूध पुन्हा पातेल्यात आले! यशाचे मात्र असे नाही. त्याचे धनी शोधावे लागत नाहीत. ते आपण होऊन येतात आणि गरजेपेक्षा जास्त येतात.

हे असे का व्हावे, आणि चूक ही खरोखर कोणा एकाच्या मालकीची वस्तू असते काय, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. मी नीतिशास्त्राचा अभ्यासक नव्हे. एका तालुक्याच्या गावी तीसेक वर्षे मी रसायनशास्त्र शिकविले, आणि त्याच वाटेने या प्रश्नापाशी येऊन पोचलो. वाटेत एक चंदेरी पापुद्रा पडला होता. आधी त्याची हकीकत सांगतो. माझी स्वतःची, जिच्यासाठी हा सारा प्रपंच, ती मागाहून.

साल १९६७. तोक्योच्या तंत्रविद्यापीठातील एका प्रयोगशाळेत हिदेकी शिराकावा नावाचे तरुण सहायक ॲसिटिलीन वायूच्या रेणूंची साखळी कशी बनते याचा अभ्यास करीत होते. ॲसिटिलीन म्हणजे पूर्वी जत्रेतल्या दुकानांत कार्बाइडच्या दिव्यांतून फुरफुरत जळे तोच वायू. इटलीच्या नात्ता यांनी १९५८ मध्येच त्याचे बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, तयार केले होते. पण निघाली ती काळी भुकटी. ती कशात विरघळेना, वितळेना. हवेत ठेवली तर बिघडे. अशा पदार्थाचे पुढे काय करावे हे कोणाला कळत नव्हते, आणि कळून घ्यावे असे फारसे कोणाला वाटतही नव्हते. शिराकावांच्या प्रयोगशाळेत त्या वेळी ह्युंग चिक प्युन हे कोरियातून आलेले संशोधक होते. त्यांना हे बहुवारिक स्वतः करून पाहायचे होते. शिराकावांनी त्यांना कृती दिली, प्युन यांनी प्रयोग केला, आणि भुकटीऐवजी उत्प्रेरकाच्या द्रावणावर फाटक्या चिंध्यांसारखा एक पापुद्रा धरला.

शोध घेता कळले की उत्प्रेरक नेहमीच्या जवळजवळ हजारपट पडला होता. 'मिलिमोल' हवे तेथे 'मोल' झाले होते. (आपल्या भाषेत मोल म्हणजे किंमत, या एका मोलाची किंमत पुढे किती वाढली ते पाहण्याजोगे आहे.) पुढे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर शिराकावांनी ही हकीकत आपल्या आत्मवृत्तात सांगितली. कोणी म्हणेल, त्या वेळी चूक कबूल करायला त्यांचे काय जात होते? पण त्यांनी कबुली दिली नाही आणि आरोपही केला नाही. त्यांच्या सांगण्याचा आशय असा, की कृती लिहून देताना कदाचित माझ्याच हातून 'मिलि'चे अक्षर गळाले असेल, किंवा कदाचित वाचणाऱ्याने ते चुकीचे वाचले असेल. बस्स, इतकेच. चुकीचा धनी त्यांनी ठरविला नाही. ती जागा त्यांनी मोकळी ठेवली.

ही मोकळी जागा मला फार अस्वस्थ करते. का ते पुढे येईल.

त्या प्रयोगशाळेत पापुद्रा फेकून दिला गेला नाही. शिराकावांनी चूक मुद्दाम पुन्हा केली, अनेकदा केली. प्रमाणे बदलून, तापमान बदलून केली. काही वर्षांत त्यांना हा पापुद्रा हवा तसा करता येऊ लागला. थंडीत केला तर तांब्याच्या रंगाचा, उष्णतेत केला तर रुपेरी. दिसायला धातू, परंतु वीज मात्र धातूसारखी वाहून नेत नसे. १९७५ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲलन मॅकडायरमिड तोक्योला व्याख्यानासाठी आले. हे मूळचे न्यूझीलंडचे. शिकत असताना कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोऱ्याचे काम करून, झाडलोट करून वाढलेले. त्या दिवसांत ते गंधक आणि नत्र यांच्या एका सोनेरी संयुगाच्या नादी लागले होते. व्याख्यानानंतर चहाच्या वेळी त्यांनी आपले सोनेरी स्फटिक दाखविले, शिराकावांनी आपला रुपेरी पापुद्रा दाखविला. मॅकडायरमिडांनी त्यांना तेथल्या तेथे फिलाडेल्फियाला येण्याचे आमंत्रण दिले. तेथे १९७६ च्या नोव्हेंबरात त्या दोघांनी, भौतिकशास्त्रज्ञ ॲलन हीगर आणि सी. के. च्यांग यांच्यासह, त्या पापुद्र्यावर ब्रोमीनची वाफ सोडली आणि त्याची विद्युतवाहकता एक कोटी पटींच्या घरात वाढली.

प्लॅस्टिक आणि वीज यांचे वैर आपण जन्मापासून गृहीत धरलेले असते. वायरीवर प्लॅस्टिक चढवितात ते त्याच भरवशावर. मग येथे काय घडले? नेहमीच्या बहुवारिकात प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या बंधात जखडलेला असतो. त्याचे घर ठरलेले, मालक ठरलेला. पॉलिॲसिटिलीनच्या साखळीत कार्बनचे अणू एकेरी बंध, दुहेरी बंध, पुन्हा एकेरी, असे पाळीपाळीने जोडलेले असतात, आणि प्रत्येक अणूपाशी एक इलेक्ट्रॉन असा उरतो, की जो कोणा एकाचा म्हणता येत नाही. तो साखळीभर पसरलेला असतो. तरीही या इलेक्ट्रॉनांची खालची जागा गच्च भरलेली, वरची रिकामी आणि मध्ये एक दरी, अशी अवस्था राहते. खचाखच भरलेल्या लोकलच्या डब्यात कोणी हलू शकत नाही तसेच हे. ब्रोमीन येऊन काही इलेक्ट्रॉन काढून घेते. चार माणसे उतरली की डब्यात हालचाल सुरू होते. वीज वाहते ती अशी. शुद्ध पदार्थ निरुपयोगी होता; बाहेरचे काही शिरले तेव्हा त्याला गती आली.

इतक्यावरून 'अशुद्धीतच खरी शक्ती आहे' असा सुविचार फळ्यावर लिहिण्याचा मोह मास्तरांना होतो. मलाही झाला होता. परंतु हीच विद्या पुढे प्रकाशाकडे वळली तेव्हा गोष्ट उलटी निघाली. केंब्रिजमध्ये जेरेमी बरोज, डोनल ब्रॅडली, रिचर्ड फ्रेंड आणि त्यांचे सहकारी पीपीव्ही या आखूड नावाच्या दुसऱ्या एका बहुवारिकाच्या पातळ थरातून वीज कशी जाते हे पाहत होते. प्रकाशाच्या शोधात ते नव्हते. तो थर हिरवट पिवळा उजळला. १९९० मध्ये त्यांनी हे 'नेचर' मध्ये प्रसिद्ध केले. थराची जाडी माणसाच्या केसाच्या सुमारे हजाराव्या भागाएवढी. आणि दोन हजार इलेक्ट्रॉन खर्ची पडावेत तेव्हा एक प्रकाशकण बाहेर यावा, इतका तो दिवा गरीब. तत्त्व मात्र सुंदर आहे. एका बाजूने इलेक्ट्रॉन शिरतो, दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉनाची उणीव शिरते; दोघे साखळीवर भेटतात आणि मधल्या दरीइतकी ऊर्जा प्रकाश होऊन निघून जाते. दरी रुंद केली तर रंग निळ्याकडे झुकतो, अरुंद केली तर तांबड्याकडे. साखळीला बाजूच्या फांद्या जोडल्या तर ती द्रावकात विरघळते आणि शाईसारखी छापता येते. पण येथे अशुद्धी खपत नाही. साखळीत कुठेतरी ऑक्सिजनचा एखादा अणू चिकटला की त्या ठिकाणी येऊन पोचलेली ऊर्जा प्रकाश न देताच विझते. जे वाहकतेला तारक तेच प्रकाशाला मारक.

सौर घटात हीच क्रिया उलट्या दिशेने चालते, आणि तेथे तिसराच न्याय आहे. प्रकाश साखळीवर पडतो, इलेक्ट्रॉन आणि त्याची उणीव यांची जोडी तयार होते. पण ही जोडी फुटली नाही तर वीज नाही, आणि फुटण्यासाठी तिला दहाएक नॅनोमीटरच्या आत दुसऱ्या पदार्थाची हद्द गाठावी लागते. १९९२ मध्ये सरिचिफ्त्ची, हीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की बहुवारिकाशेजारी साठ कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू ठेवला तर तो इलेक्ट्रॉन फार झपाट्याने घेतो. १९९५ पासून ही दोन द्रव्ये शेजारी न ठेवता चक्क एकमेकांत कालवू लागले, म्हणजे हद्द सगळीकडेच. आज प्रयोगशाळेतले असे घट पडलेल्या प्रकाशापैकी वीस टक्क्यांच्या आसपास वीज देतात. छपरावर मात्र अजून सिलिकॉनच आहे. हीगर ज्यात सहभागी होते ती कोनार्का कंपनी २००१ मध्ये निघाली आणि २०१२ मध्ये बुडाली. ऊन, हवा आणि दमट यांना ही कार्बनी द्रव्ये लवकर शरण जातात, हे त्यामागचे एक कारण.

तेव्हा दोषाचा गुण होतो हे खरे नाही, आणि होत नाही हेही खरे नाही. एकाच कुळातल्या तीन पदार्थांत तीन निरनिराळे कायदे. म्हणून कोणी मला 'चुका करा, चुकांतूनच शोध लागतात' असे उत्साहाने सांगू लागले की मी विषय बदलतो. चुकांतून बहुधा काहीच लागत नाही. काचा फुटतात.

मग श्रेय कशाचे? परिश्रमांचे म्हणावे, तर १९६३ मध्येच ऑस्ट्रेलियात डोनल्ड वाइस, बोल्टो आणि मॅकनील यांनी आयोडीनयुक्त पॉलिपिरोल वीज वाहून नेते हे तपशीलवार प्रसिद्ध केले होते. कोणी वाचले नाही. त्यांचे काम थांबले. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८६२ मध्ये, लंडनच्या हेन्री लेथबी या वैद्यकाने ॲनिलिनच्या विषबाधेचा विचार करता करता विजेच्या साहाय्याने एक निळा पदार्थ मिळविला होता. आज त्याला याच कुळातला एक पूर्वज मानतात. २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल हीगर, मॅकडायरमिड आणि शिराकावा यांना मिळाले. तिघांहून अधिकांना एक पारितोषिक देत नाहीत असा नियमच आहे. १९७७ च्या त्या पहिल्या निबंधावर पाच नावे होती, केंब्रिजच्या निबंधावर आठ. प्युन यांच्या हातून पापुद्रा धरला. पारितोषिकाच्या यादीत ते नाहीत. मला यात अन्याय झाला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि झाला नाही असेही म्हणवत नाही. आणखी मौज अशी, की ज्या पॉलिॲसिटिलीनसाठी हे सारे झाले ते हवेत टिकत नसल्यामुळे कोणत्याही पडद्यात वा घटात गेले नाही. शिवाय आज बाजारात मिळणाऱ्या फोनांच्या कार्बनी पडद्यांतही बहुतांशी लांब साखळ्या नाहीत. तेथे लहान रेणू उजळतात, कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये दाखविलेल्या वाटेने. बहुवारिकांचा पडदा आला तो २००२ मध्ये फिलिप्सच्या एका दाढीच्या यंत्रावर! नोबेलपर्यंत पोचलेला पदार्थ आणि न्हाणीघरापर्यंत पोचलेला पदार्थ यांत हे एवढे अंतर.

आता माझी हकीकत.

१९८४ सालची गोष्ट. बी.एस्सी.च्या वर्गाला युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांचे बहुवारिक करण्याचे प्रात्यक्षिक असे. बीकरमध्ये दोन्ही घ्यायचे, काचेच्या कांडीने ढवळत राहायचे आणि तीव्र सल्फ्युरिक अम्लाचे थोडे थेंब टाकायचे. बघता बघता पांढरा, टणक गोळा बनतो. मुलांना हे प्रात्यक्षिक आवडे. एका मुलाचे ते आजारपणात बुडले होते. तो एकटाच नंतर आला तेव्हा मला परीक्षेच्या कामाची घाई होती, म्हणून मी एका चिठ्ठीवर त्याला प्रमाणे लिहून दिली आणि शेजारच्या खोलीत गेलो.

पंधरा मिनिटांनी आवाज झाला. बीकर तडकला होता, कांडी गोळ्यात अडकून मोडली होती, उष्णतेने उडालेला शिंतोडा त्याच्या उजव्या मनगटावर पडला होता. तो नळाखाली हात धरून उभा होता. मी आधी मनगट पाहिले. जखम खोल नव्हती. मग टेबल पाहिले. ओल्या फडक्याशेजारी माझी चिठ्ठी पडलेली होती. अम्लाच्या नावापुढे मी '५' एवढेच लिहिले होते. 'थेंब' हा शब्द नव्हता. वरच्या ओळीत मिलिलीटर होते, त्याने खालीही तेच धरले. वीसपट अम्ल. मी चिठ्ठी उचलली आणि खिशात घातली.

का घातली? त्या क्षणी मी काही ठरविले होते असे मला आठवत नाही. हात गेला. पण त्यानंतरचे सर्व ठरवून होते. प्रयोगशाळेतली बाकीची मुले, लॅब अटेंडंट, सगळे जमले होते.

"डोळे कुठं होते तुझे?" मी म्हणालो.

"सर, चिठ्ठीत पाच लिहिलं होतं."

"पाच काय? पाच थेंब!"

"थेंब नव्हतं लिहिलेलं, सर."

"आण बघू चिठ्ठी."

त्याने ओल्या हाताने टेबलावर शोधले, बेसिनमध्ये शोधले, वाकून स्टुलाखाली पाहिले. अटेंडंटने केराची बादली उलटी करून पाहिली. मी उभा होतो. सापडली नाही तेव्हा तो "चुकलो, सर," म्हणाला. त्या वेळी मला खरोखरच हायसे वाटले, हे लिहिल्यावाचून या लेखाला काही अर्थ नाही. ती चिठ्ठी मी घरी जाऊन बंबात घातली.

फिलाडेल्फियाला ब्रोमीनचा प्रयोग झाला त्याच १९७६ साली इंग्लंडात बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी 'नैतिक दैव' या कल्पनेवर निबंध मांडले होते. दोन वाहनचालक सारखेच बेसावध. एकाच्या गाडीपुढे मूल येते, दुसऱ्याच्या येत नाही. एकाला आपण मनुष्यघातकी म्हणतो, दुसऱ्याला काहीच म्हणत नाही. दोघांच्या मनात मात्र फरक नाही. मी हा युक्तिवाद पुष्कळ दिवस जवळ बाळगला. तोक्योतली चिठ्ठी आणि माझी चिठ्ठी सारख्याच. तेथे हजारपट चुकून पापुद्रा धरला, येथे वीसपट चुकून मनगट भाजले. दैव! पण हा युक्तिवाद माझ्या कामाचा नाही हे मला हळूहळू कळत गेले. दैवाचा हात पोचतो तो अक्षर गळण्यापर्यंत. फार तर शिंतोड्यापर्यंत. स्टुलाखाली वाकलेल्या मुलाकडे मी पाहत उभा होतो तेथे दैव नव्हते. तेथे मी होतो. आणि त्या गोळ्यात काही अद्भुत दडलेले होते, मी ते फेकून दिले, असेही नाही. तो साधा युरियाचा गोळा होता, कुणाच्याही उपयोगाचा नव्हता. मी एखादा शोध घालविला असता तर कदाचित ते सांगायला अधिक सोपे गेले असते.

शिराकावांच्या हातून अक्षर गळाले होते की नाही, कोण जाणे. पण त्यांनी ते आपल्या हातून गळाले असण्याची शक्यता तेहेतीस वर्षांनंतर, जगासमोर, कोणी विचारले नसताना उघडी ठेवली. मला पंधरा मिनिटांनंतर, एका खोलीत, समोरून विचारले गेले असताना ते जमले नाही. त्यांच्या मोकळ्या जागेत प्युन यांनाही उभे राहायला जागा होती. माझ्या खोलीत त्या मुलाला नव्हती. कोणी म्हणेल, त्यांची चूक गोड निघाली म्हणून औदार्य परवडले. असेलही. पण कडू निघालेली चूक वाटून घ्यायला तर अधिकच माणसे हवीत. आणि तेथे आम्ही दोघेच होतो.

त्या मुलाने पुढच्या वर्षी विषय बदलला. त्याचे कारण हेच होते असे मी म्हणणार नाही. मला ते ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घेण्याची संधी मी घेतली नाही.

गेल्या महिन्यात माझ्या नातीने तिचा जुना फोन दाखविला. पडद्यावर सारे चित्र बदलले तरी खालच्या पट्टीवरची काही चिन्हे फिकट छायेसारखी तशीच राहत होती. "आजोबा, हे पुसलं का जात नाही?" मी तिला सांगितले की जे रेणू सर्वांत अधिक वेळ उजळत राहतात ते सर्वांत आधी झिजतात, जे फार वेळ दाखविले त्याचा डाग राहतो, तो वरचा नसतो, आतला असतो. तिला ते पटले. निळ्या रंगाचे रेणू सर्वांत लवकर झिजतात आणि जगातल्या प्रयोगशाळा अजून त्याच्याशी झगडत आहेत, हेही सांगितले. ती ते ऐकायला थांबली नाही.

निवृत्त होताना प्रयोगशाळेचा ताबा देण्याच्या निमित्ताने मी जुनी मोडतोडीची वही चाळली होती. १९८४ च्या पानावर नोंद आहे: बीकर १, काचेची कांडी १, कारण, विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा. अक्षर माझे आहे. खाली दोन सह्या आहेत. त्याची थोडी तिरकी आहे, पट्टी बांधलेल्या हाताने केलेली, तरी अक्षर न् अक्षर लागते. माझी मलाच वाचता आली नाही.